देवाच्या एडक्याची फेरी

साखराबाईंच्या हातातल्या सोऱ्यातून गव्हाचा गरम चीक अर्धाच उतरला होता. बाजेवर पसरलेल्या जुन्या धोतरावर कुरडयांच्या ओळी पडल्या होत्या, शेवटची ओळ निम्म्यावर होती, आणि पातेल्यातला चीक गार व्हायच्या आत सगळं उरकायचं म्हणून त्या तोंडातून शब्द काढत नव्हत्या. ज्यांना साखराबाई ठाऊक आहेत त्यांना कळेल, हे केवढं कठीण काम. कुरडई घालणं नव्हे, गप्प बसणं.

तेवढ्यात माळाच्या चढावर स्कूटी घरघरली. चुलीपाशी पातेलं फडक्यात धरून उभी असलेली सून, स्वप्ना, म्हणाली की डॉक्टर मॅडम आल्या. साखराबाईंनी मान वर केली नाही. उमापूरच्या शिवारात, गावापासून लांब, उघड्या माळावर ही धनगरांची वस्ती. तिथं जनावरांची डॉक्टरीण सायली अशा रणरणत्या उन्हात आली म्हणजे काहीतरी सांगायलाच आली. काय सांगायला आली, तेही त्यांना पोटातून उमगलं होतं.

सायली तांब्याभर पाणी प्याली, ओढणीनं तोंड पुसून बाजेच्या कडेला उकिडवी बसली.

"मावशी, रक्ताचा निकाल आला," ती म्हणाली. "तुमच्या काही मेंढ्यांत रोग निघालाय. आणि सरकारमध्ये पण."

सोऱ्या थांबला. अर्धी कुरडई तशीच धोतरावर पडून राहिली.

सरकार हा एडका, म्हणजे मेंढ्यांतला नर होता. काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, शिंगांना भरदार वेढे, आणि चाल अशी की समोरून बैलगाडी आली तर गाडीनंच बाजूला व्हावं. कोकरू असतानाच त्याला माळावरच्या बिरोबाच्या नावानं सोडलेलं. देवाचं जनावर कुणी विकत नाही, त्याच्यावर काठी उगारत नाही. तो कुणाच्या ज्वारीत शिरला तर शेतकरी हात जोडून म्हणायचा, या सरकार. मनात काय म्हणायचा ते बिरोबाला ठाऊक. तेव्हापासून त्याचं नाव सरकार.

दर वर्षी मेंढ्या फळायचा, गाभण राहायचा हंगाम आला की सरकारची फेरी निघायची. हलगी वाजायची, भंडारा उधळायचा, आणि सरकार वस्तीतल्या एकेका कळपात मुक्कामाला जायचा. ज्याच्या दारी तो जाई, त्या घरची बाई त्याच्या पायावर पाणी घाली, नारळ फोडी, भिजवलेले हरभरे पुढं ठेवी. त्याला नको म्हणणं म्हणजे देवाला दारातून माघारी धाडणं. सगळ्या कळपांचा तोच एक एडका, म्हणून दुसरा पाळायची गरज कुणाला वाटली नव्हती. फेरीत त्याचा कासरा धरायचा मान साखराबाईंच्या घरचा. सासूनं जाताना तो कासरा लेकाच्या हातात न देता सुनेच्या हातात दिला होता, कारण लेक, म्हणजे तानाजीराव, आरतीतही उभ्या उभ्या डुलकी काढणारे.

साखराबाई तलवाड्याकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा बोलत नव्हत्या, असं तानाजीराव सांगतात, आणि ऐकणारा विश्वास ठेवत नाही. सकाळी उठल्यावर आधी देवाला भंडारा, मग मेंढरांना हाक, मग नवऱ्याला चहा, हा त्यांचा नेम. देवाशी त्या घरातल्या थोरल्या दिराशी बोलावं तशा बोलत. पदर डोक्यावर, पण बोलणं रोखठोक. मेंढ्यांना त्यांनी आपल्या नणंदांची आणि चुलत जावांची नावं ठेवली होती. त्याचं कारणही त्या मोकळेपणी सांगत. तरुणपणी ज्यांना उलटून बोलता आलं नाही, त्यांना आता रोज सकाळी हक्कानं शिव्या घालता येत होत्या. एकदा खरी नणंद माहेरपणाला आली, आणि पहाटे तिला वाघरीच्या जाळ्यापलीकडून आपल्याच नावानं हाक ऐकू आली, की लई माजलीस, हो मागं. नणंद चहा न घेता निघाली होती. तानाजीरावांनी तिला पांदीतून परत आणलं.

अशा या हसत्या घरावर गेल्या सालानं सावली धरली होती. कार्तिकात कोकरांचा गलका व्हायच्या वेळी मेंढ्या गाभडू लागल्या. आज एक, परवा दोन. दिवस भरत आलेल्या मेंढ्या उभ्या उभ्या गाभ टाकत होत्या, आणि जे पिल्लू जिवंत येई तेही दुधाला तोंड लावायच्या आत मान टाकी. साखराबाईंनी एकेक मेलेलं कोकरू उघड्या हातांनी उचललं, पदरानं पुसलं, आणि बाभळीखाली नेऊन ठेवलं. मागून पडलेला जार कुत्र्यांनी ओढून नेला. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं, त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

मग त्यांनी आपल्या परीनं इलाज केला. देव कोपलाय, असं त्यांच्या मनानं घेतलं. कासरा आपल्या हातात, तेव्हा देवाची समजूत काढणंही आपलंच काम. म्हणून त्यांनी सरकारची एक फेरी जास्तीची काढली. हंगाम नसताना, साऱ्या वस्तीतून, वाजतगाजत. ज्या कळपांत तोवर काही झालं नव्हतं, तिथंही सरकार मुक्काम करून आला. त्यांची लांबची जाऊ तुळजाबाई, जिच्याशी त्यांचं बोलणं म्हणजे निम्मं भांडण, तिच्या दारी तर त्यांनी सरकारला मुद्दाम जास्त दिवस ठेवलं, म्हणजे उगाच कुणी दुजाभाव म्हणायला नको. त्यानंतर तुळजाबाईच्याही मेंढ्या गाभडल्या.

पुढं तानाजीरावांना कमरेत कळ आणि येऊन-जाऊन ताप सुरू झाला. गेवराईच्या डॉक्टरांनी रक्त बघून सांगितलं की हा ताप जनावरांकडून आलाय, गोळ्या लांबवर घ्याव्या लागतील, मधेच सोडायच्या नाहीत. तेव्हा कुठं सायली वस्तीवर आली आणि मेंढरांचं रक्त काढून घेऊन गेली.

आता ती निकाल सांगत होती. हा रोग मेंढीच्या पिशवीत बसतो आणि गाभ टिकू देत नाही. गाभडलेल्या मेंढीचं पाणी, जार, मेलेलं पिल्लू, तिनं भिजवलेली जमीन, सगळ्यात तो असतो. एडक्याच्या अंडात बसला तर एडका वरून धडधाकट दिसतो आणि जिथं फळवायला जातो तिथं रोगही देऊ शकतो. सरकारचं एक अंड सुजलेलं आहे, हे सायलीनं हातानं चाचपूनच ओळखलं होतं. रक्तानं त्यावर शिक्का मारला. मेंढराला औषध देऊन खात्रीनं मोकळं करता येत नाही. रोगी जनावर कळपातून काढायचं, हाच रस्ता.

"काढायचं म्हंजी?" तानाजीरावांनी विचारलं.

 सायली म्हणाली, की खरं सांगायचं तर रोगी एडका ठेवूच नये. निदान यंदा त्याची फेरी तरी निघता कामा नये. निघाली तर पुढच्या कार्तिकात वस्तीतल्या एकाही मेंढवाड्यात कोकरू दिसेल, याची मी हमी देत नाही.

साखराबाई उठल्या. हात चिकानं माखलेले तसेच घेऊन त्या आत गेल्या आणि भिंतीतल्या देवाच्या देवळीपुढं उभ्या राहिल्या. बाहेर स्वप्नानं सोऱ्या दाबून बघितला. चीक दगड झाला होता.

फेरीला थोडेच दिवस राहिले होते, आणि साखराबाईंपुढं पेच असा: कासरा धरला तर कोकरं जाणार, नाही धरला तर सासूनं दिलेला मान जाणार, आणि देवाला काय सांगायचं हा प्रश्न उरणारच. तानाजीरावांनी सुचवलं की कौल लाव. साखराबाईंना ते पटलं. इतकी मोठी गोष्ट आपण ठरवायची कशाला, ज्याचा एडका त्याला विचारू.

रविवारी सकाळी आंघोळ करून त्या ओल्या लुगड्यानंच माळाच्या माथ्यावर बिरोबाच्या देवळात गेल्या. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या आणि पदर पसरून बसल्या. उजवी पडली तर फेरी काढायची, डावी पडली तर थांबवायची. वैशाखाचं ऊन, वारा बंद. पाकळ्या ओल्या होत्या तोवर चिकटल्या होत्या. वाळल्या तशा दगडाला आणखी घट्ट बसल्या. एकही हलेना. साखराबाईंनी आधी नम्रपणे विनवलं, मग आठवण करून दिली की आपल्याला घरी भाकरी टाकायच्या आहेत, मग देवाला स्पष्ट विचारलं, की कावून बोलत न्हाईस.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा तानाजीराव पाण्याची कळशी घेऊन आले. पाकळ्या बघितल्या, बायकोकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले की देव जेवायला गेलेला दिसतोय.

साखराबाईंना हसू फुटलं. त्या देवळात एवढ्या मोठ्यानं हसल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. पदर तोंडाला लावून हसता हसता त्यांना आपल्या सासूचं एक बोलणं आठवलं, की देव एकदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगायला तो काय घरगडी हाय? आणि मग त्या हसायच्या थांबल्या.

"अवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "त्यानं गेल्या सालीच सांगितलंय की. वाडा रिकामा करून दाखवला. एडक्याचं अंड सुजवून दाखवलं. तुमच्या अंगात ताप घालून दाखवला. अजून किती बोलायचं त्यानं? मीच तवा ऐकलं न्हाई. उलट फेरी वाढवली."

त्यांनी दोन्ही पाकळ्या स्वतःच्या नखानं काढल्या, कपाळाला लावल्या, आणि देवाला म्हणाल्या की कळलं. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पण माळ उतरताना त्यांची चाल हलकी होती. तानाजीरावांना कळशी घेऊन मागून पळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या सायलीच्या दवाखान्यात जाऊन बसल्या. तुमचं ऐकते, माझंही ऐका, असा त्यांचा सौदा होता. देवाचं जनावर मारायचं मन होत नाही. पण त्याला जन्मभर मेंढीच्या वाऱ्यालाही उभं करणार नाही. सायलीनं आधी नकार दिला. मग विचार करून एकेक अट घातली. त्याला चिमटा लावून खच्ची करायचं. त्यानं रोग जात नाही, हे मात्र ध्यानात ठेवायचं. म्हणून देवळामागं दगडी कुंपण आणि वर तारेची जाळी. दावण वेगळी, पाणी वेगळं, लेंड्या ओढायचं फावडंसुद्धा वेगळं. चारा घालणाऱ्यानं हातमोजे घालायचे, नंतर साबणानं हात धुवायचे. पोराबाळांनी आणि गरोदर बायांनी जवळ जायचं नाही. आणि हे एक दिवस जरी चुकलं तरी ती स्वतः येऊन एडका घेऊन जाईल.

साखराबाई म्हणाल्या, "बाई, एवढं सोवळं तर माझ्या सासूनं पण पाळलं न्हवतं." आणि सगळ्या अटी कबूल केल्या.

फेरीच्या दिवशी वस्ती देवळापुढं जमली. हलग्या तापवून आणल्या होत्या, बायकांनी नवी लुगडी नेसली होती. साखराबाई पायरीवर उभ्या राहिल्या. हातात कासरा नव्हता. त्यांनी सरळ सांगून टाकलं, की सरकारला रोग आहे, तो रोग फेरीतून फिरला, आणि गेल्या साली जास्तीची फेरी काढली ती आपली चूक. यंदापासून सरकार कुणाच्या कळपात जाणार नाही. त्याला खच्ची केलंय आणि देवळामागं ठेवलंय.

हलगीवाल्याचा हात वरच राहिला. मग तुळजाबाई पुढं आली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली की वस्ती कान टवकारायची.

"जाऊबाई," ती म्हणाली, "देवाच्या एडक्याला खच्ची करायची हिंमत झाली तुमची? आता देवाला कोणतं तोंड दाखवायचं?"

"देवाला मी रोज दाखवते," साखराबाई म्हणाल्या. "तू सणासुदीला येतीस, तुला ठाव न्हाई. आन्‌ एक सांग, आपला गावातला मारुती ब्रह्मचारीच हाय न्हवं? म्हणून त्याच्यापुढं कुणी नारळ कमी फोडतं का?"

 मागून एक म्हातारा फिसकन हसला, त्याच्या शेजारचा हसला, आणि बघता बघता सगळा माळ हसायला लागला. तुळजाबाईनं ओठ दाबून धरले, पण तिचे खांदे हलत होते.

साखराबाईंनी ती संधी सोडली नाही. इतकी वर्षं देव आपल्या दारी येत होता, त्या म्हणाल्या. आता आपण त्याच्या दारी जायचं. हलगी वाजवा, भंडारा उधळा, जाळीबाहेरून हात जोडा. फक्त मेंढरू संगती आणू नका. हरभरे कुंपणावरून टाका, ओंजळ त्याच्या तोंडाशी धरू नका. लोकांना हे एवढं अवघड वाटलं नाही. हलगी वाजली. सरकार दगडी कुंपणाआड उभा राहून सगळ्यांकडे जुन्याच तोऱ्यात बघत होता. त्याला आपला मान गेला असं वाटल्याचं काही दिसलं नाही. उलट चालायचं वाचलं होतं आणि हरभरे सगळ्या घरांचे एकदमच आले होते.

आता प्रश्न उरला मेंढ्या फळायच्या कशा. उमापूरच्या बाजारात मकसूदभाई मेंढरांचे व्यापारी. त्यांच्याकडे चांगले एडके होते. साखराबाई आणि तुळजाबाई दोघी मिळून गेल्या, कारण एकीनं आणलेला दुसरीला पटला नसता. साखराबाईंनी एडका चालवून बघितला, दात बघितले, आणि मग सायलीनं शिकवल्याप्रमाणे मागून वाकून अंडं चाचपली, दोन्ही सारखी आहेत का, कुठं गाठ आहे का. वर म्हणाल्या की रक्त तपासल्याशिवाय नेणार नाही, आणि नेल्यावरही दुसरी तपासणी होईस्तोवर वेगळा बांधणार.

मकसूदभाईंनी दाढी खाजवली. "बाई, मी एडका देतोय. जावई न्हाई."

"जावई असा बघितला असता तर आमच्या नणंदेचं कल्याण झालं असतं," साखराबाई म्हणाल्या.

तुळजाबाई बाजारात खाली बसून हसली. मकसूदभाईंनी रक्त काढू दिलं. रक्त स्वच्छ निघालं, तेव्हा त्यांनी बाकीच्या एडक्यांचंही तपासून घेतलं, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला आपणच शहाणपणानं सांगू लागले की रक्त बघितल्याशिवाय एडका घेऊ नये. साखराबाईंना ते कळलं, पण त्यांनी श्रेय मागितलं नाही. निदान पहिल्या आठवड्यात तरी नाही.

रक्तात दोष निघालेल्या मेंढ्या वेगळ्या वाघरीत गेल्या. त्या कुणाला विकायच्या नाहीत, हे साखराबाईंनी तानाजीरावांना देवापुढं वदवून घेतलं. आपल्या दारची पीडा दुसऱ्याच्या दारी लोटून पुण्य लागत नाही. सायलीनं त्यांची रीतसर विल्हेवाट लावेपर्यंत त्या तिकडंच राहिल्या, आणि त्यांचं पाणीही वेगळं राहिलं. बाकीच्या मेंढ्या नव्या एडक्याला फळल्या. श्रावण गेला, भादवा गेला, पोटं दिसू लागली. साखराबाई रोज संध्याकाळी एकेका मेंढीच्या कुशीवर हात ठेवून बघायच्या, आणि कोकरू हललं की त्यांचे ओठही हलायचे.

कार्तिक आला. यंदा तयारी निराळी होती. व्यायला आलेल्या मेंढीसाठी वेगळा कोपरा, खाली कोरडा पाला. कोपऱ्याला चुन्याची पोती आणि हातमोजे. ओढ्यापासून दूर, कुत्र्याला उकरता येऊ नये असा खोल खड्डा. जार त्यात टाकायचा, वर चुना, वर माती, वर दगड. दूध उकळल्याशिवाय घरात कुणी तोंडाला लावायचं नाही. स्वप्नाला दिवस राहिले होते, म्हणून तिनं वाघरीकडं फिरकायचंच नाही, असा सासूचा हुकूम. स्वप्ना उंबऱ्यावर बसून लांबूनच सगळं बघायची आणि कोण व्यायला आली ते सगळ्यांच्या आधी ओरडून सांगायची.

आणि एका सकाळी, हंगामाच्या अगदी तोंडाशी, साखराबाईंची लाडकी मेंढी गाभडली.

तिला त्यांनी थोरल्या नणंदेचं नाव ठेवलं होतं. ती कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती आणि तिच्या मागं पाल्यावर ते पडलं होतं.  पलीकडच्या वाघरीतून तुळजाबाई बघत होती. वस्तीभर बातमी जायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, बघा, देवाचा एडका खच्ची केल्याचं फळ. कुणी म्हणालं, चुना टाकून काय होतंय.

 साखराबाईंनी हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं. मेलेलं पिल्लू उचलून सायलीनं दिलेल्या पिशवीत घातलं, मेंढीला वेगळं बांधलं, जागेवर चुना पसरला. हात धुतले, पुन्हा धुतले. तानाजीराव पिशवी घेऊन मोटारसायकलवर गेले. मग साखराबाई पायरीवर बसून राहिल्या. निकाल येईस्तोवर त्यांना ना भाकरी गोड लागली ना नामस्मरण. पुन्हा तोच रोग असेल तर पुढच्या हंगामात त्यांच्या सांगण्यानं वस्तीत कुणी एक दगडही हलवणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं. फेरी पुन्हा निघणार, आणि कासरा दुसऱ्या कुणाच्या हातात असणार.

तुळजाबाई त्या दिवसांत एकदा आली. ताकाची कासंडी ठेवली आणि शेजारी बसली. जाता जाता म्हणाली, की तुमची थोरली नणंद खरोखरीच कधी सरळ वागली न्हाई.

सायली आली ती स्कूटी बंद न करताच ओरडत आली. तो रोग नव्हता. पिल्लात नव्हता, मेंढीच्या रक्तातही नव्हता. मेंढीच्या कुशीवर मार होता; कुठंतरी चरताना घळीत पडली असावी. तानाजीरावांना आठवलं, ओढ्याच्या काठावर एकदा ती दिसेनाशी झाली होती आणि नंतर लंगडत आली होती. ते हे आधी का बोलले नाहीत, असं साखराबाईंनी विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्या वेळी डोळा लागला होता.

एरवी या एका वाक्यावर साखराबाईंनी दिवस काढला असता. त्या दिवशी त्या नुसत्या हसल्या. देवळीपुढं जाऊन कपाळ टेकलं, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी भंडाऱ्यात मिसळून गालावर पिवळं उतरलं. ते त्यांनी पुसलं नाही.

त्यानंतर मेंढ्या व्यायला लागल्या त्या थांबेनात. सकाळी दोन, दुपारी एक, भाकरी टाकताना आणखी एक. ओलसर, कुरळ्या लोकरीची कोकरं चार पायांवर उभी राहायच्या आधी तीनदा पडत, आणि चौथ्यांदा उभी राहून थेट आईच्या कासेला धडक देत. तुळजाबाईच्या एका मेंढीला जुळं झालं. ती साखराबाईंना हाताला धरून दाखवायला घेऊन गेली. वाटेत सांगत होती की मेंढी माझी, एडका मी निवडला, चुना मी पसरला. साखराबाईंनी सगळ्याला हो म्हटलं. वस्तीत जिकडंतिकडं बारीक आवाजाचा गलका चालला होता, आणि त्या गलक्यात हलगीसुद्धा ऐकू आली नसती. तानाजीरावांना झोप लागेना, अशी तक्रार त्यांनी केली. ती कुणी मनावर घेतली नाही.

सायलीनं येऊन बघितलं. कुठल्या मेंढीची अजून तपासणी राहिली, कुठली नर कोकरं वेगळी वाढवायची, हे ती सांगत होती, आणि साखराबाईंच्या मांडीवरचं कोकरू तिच्या ओढणीचं टोक चोखत होतं. ओढणी सोडवून घ्यायचं तिला भान नव्हतं.

"मॅडम, पुढच्या साली पण असंच होईल न्हवं?" साखराबाईंनी विचारलं.

"पुढच्या साली पण असंच केलं, तर," सायली म्हणाली.

"मग करू की. आमाला काय, देवानं हात दिलेत."

तेवढ्यात उंबऱ्यावरून स्वप्ना ओरडली, की कोपऱ्यातली तांबडी बसली, पाय ताणतीय. साखराबाईंनी कोकरू सायलीच्या ओंजळीत दिलं आणि चुन्याच्या पोत्यात हात घातला. पोतं तळाला गेलं होतं. शेवटच्या दोन मुठी निघाल्या. यंदा कोकरं एवढी झाली होती की चुना पुरला नव्हता. या मेंढीपुरता भागेल, पुढच्या मेंढीला नाही. त्यांनी तुळजाबाईला हाक मारून तांबडीपाशी बसवलं, हातमोजे तिच्या हातात दिले, पदर खोचला, आणि उमापूरला चुन्याचं पोतं आणायला निघाल्या.